जपानमधील परदेशी विद्यार्थी आणि आपण : एक ऐतिहासिक विचार

रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे जयगडचा किल्ला उभा आहे. तटावरून पाहिले असता खाडीचे मुख, पलीकडचे तवसाळ आणि पश्चिमेस अथांग समुद्र दिसतो. कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालत होत्या त्या काळात जयगड हे थांब्याचे बंदर होते. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून तिच्यापर्यंत जात. कोकणातील आमच्या समाजाची कितीतरी माणसे अशाच बोटींनी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि पलटणीत गेली.

त्याच मुंबई बंदरातून १८९३ साली निप्पॉन यूसेन कायशा या जपानी कंपनीने कोबेपर्यंत नियमित आगबोटी सुरू केल्या. कापसाच्या गाठी वाहून नेणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. म्हणजे जयगडहून मुंबई आणि मुंबईहून जपान हा जलमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच खुला झालेला होता. त्या मार्गाने विद्येसाठी कोण गेले, कोणास जाता आले नाही, जे गेले त्यांना तेथे काय सोसावे लागले आणि आज आपला तरुण तेथे जाऊ इच्छितो तेव्हा त्याने कोणती दृष्टी बरोबर न्यावी, एवढाच विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

जपान स्वतः विद्यार्थी होता तेव्हा

आज परदेशी विद्यार्थ्यांना बोलावणारा जपान हा स्वतः शतकानुशतके परदेशी विद्यार्थी होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इ. स. ८०४ मध्ये कूकाइ आणि साइच्यो हे दोन भिक्षू चीनला गेले. कूकाइ यांना तेथे वीस वर्षे राहून अध्ययन करावयाचे होते, परंतु ते दोनच वर्षांत परतले. चांगआन येथे त्यांनी आचार्य हुइ-को यांच्याकडून मंत्रयानाची दीक्षा घेतली आणि प्रज्ञ नावाच्या भारतीय परंपरेतील पंडिताकडून संस्कृतचे पाठ घेतले. सिद्धम् लिपीतील अक्षरे जपानच्या शिंगोन विहारांत आजही गिरविली जातात, त्यांचे मूळ या गुरुशिष्यसंबंधात आहे.

हजार वर्षांनंतर पुन्हा तेच घडले. १८७६ साली क्योतोच्या हिगाशी होंगान्जी पंथाने नान्ज्यो बुन्यू आणि कासाहारा केन्ज्यू या दोन तरुणांना इंग्लंडला पाठविले. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि संस्कृतचीही ओळख नव्हती. १८७९ पासून ते ऑक्सफर्ड येथे मॅक्स म्युलर यांच्यापाशी शिकू लागले. कासाहारांची प्रकृती ढासळली, १८८२ मध्ये त्यांना परतावे लागले आणि दुसऱ्याच वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. त्याच १८८३ साली नान्ज्यो यांची चिनी त्रिपिटकाची सूची ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाली. तीत १६६२ ग्रंथांची नोंद आहे. बौद्ध विद्येच्या अभ्यासकास ती पुढे अनेक दशके हाताशी ठेवावी लागली. परक्या देशातील विद्येची किंमत माणसे कधीकधी प्राणाने मोजतात, हे कासाहारांच्या अल्प आयुष्याने दाखविले आहे.

येथे एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. भारतात रचलेल्या ग्रंथांचा अर्थ लावण्यासाठी जपानी भिक्षू इंग्लंडला गेला. तेथे गेल्यावर त्याच्या गुरूस कळले की कित्येक संस्कृत संहिता जपानच्या विहारांतच जपल्या गेल्या आहेत. वज्रच्छेदिका आणि सुखावतीव्यूह यांच्या संस्कृत आवृत्त्या अशा जपानी साहित्याच्या साहाय्याने ऑक्सफर्डहून निघाल्या. भारताने जे हरवले ते जपानने सांभाळले, परंतु वाचण्याची किल्ली तिसऱ्याच देशी मिळाली. विद्येवर कोणत्याही एका भूमीचा मालकी हक्क नसतो, असा याचा अर्थ आहे.

टोकियोतील पहिली पिढी

१९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला आणि सर्व आशियातील तरुणांचे लक्ष टोकियोकडे वळले. त्याच वर्षी चीनमध्ये जुनी राजसेवा परीक्षा रद्द झाली. लवकरच जपानमधील चिनी विद्यार्थ्यांची संख्या सुमारे आठ हजारांवर गेली. व्हिएतनाममधून फान बोइ चाऊ यांनी शंभराहून अधिक तरुण तेथे आणले. भारतातून जाणारे संख्येने थोडे होते. कलकत्त्यात १९०४ साली भारतीयांच्या वैज्ञानिक व औद्योगिक शिक्षणासाठी एक संस्था निघाली आणि तिने विद्यार्थ्यांना परदेशी धाडले. महाराष्ट्रात स्वदेशीच्या चळवळीतून पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगाव येथे उभा राहिला. तो चालविणारे ईश्वरदास वार्ष्णेय यांनी काचविद्या जपान व अमेरिकेत शिकून घेतली होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही जपानमार्गेच अमेरिकेस गेले.

या विद्यार्थ्यांना जपानने हात दिला आणि अपमानही दिला. चिनी लेखक लू शुन १९०२ मध्ये जपानला पोहोचले. तेव्हा चिनी विद्यार्थ्यांच्या लांब वेणीची रस्त्यावर टिंगल होत असे. सेंदाइ येथील वैद्यक विद्यालयात शरीररचनाशास्त्राचे अध्यापक फुजिनो हे त्यांच्या टिपणवह्या मागवून घेत आणि लाल शाईने, भाषेच्या चुकांसह, दुरुस्त करून परत देत. परंतु लू शुन परीक्षेत उत्तीर्ण होताच काही सहाध्यायांना संशय आला की गुरूंनी त्यांना प्रश्न आधीच सांगितले असावेत. दुर्बल राष्ट्राचा विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने उत्तीर्ण होऊ शकतो, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आमच्या वाचकांस हा संशय अनोळखी वाटणार नाही. राखीव जागेवरून आला असेल, कोणी कृपा केली असेल, अशी कुजबुज आपल्या मुलांनी येथील महाविद्यालयांतही ऐकली आहे.

राजकारणाची सावलीही त्यांच्यावर होती. जपान आणि ब्रिटन यांची मैत्री १९०२ पासून होती आणि १९०५ च्या नव्या करारात भारताच्या सीमेचाही अंतर्भाव झाला. १९०७ च्या एप्रिल महिन्यात टोकियोतील भारतीय विद्यार्थ्यांनी शिवाजी महाराजांचा स्मृतिसमारंभ केला. माजी पंतप्रधान आणि वासेदा विद्यापीठाचे संस्थापक ओकुमा शिगेनोबु यांनी तेथे भाषण केले. श्रोत्यांत चांग ताइ-येन हे चिनी विचारवंत होते. शांघायच्या तुरुंगात असताना त्यांनी योगाचार पंथाच्या बौद्ध ग्रंथांचे अध्ययन केले होते. ओकुमा यांनी ब्रिटिश सत्तेविषयी गौरवाचे शब्द काढले, तेव्हा चांग अतिशय निराश झाले आणि त्यांनी 'मिनबाओ' या मासिकात त्या समारंभावर लेख लिहिला. परंतु त्याच वर्षी टोकियोत आशियाई बंधुभावाची एक संघटना स्थापन झाली आणि तीत चिनी, भारतीय व जपानी एकत्र आले. पुढे १९०८ मध्ये जपान सरकारने 'मिनबाओ' बंद पाडले, व्हिएतनामी विद्यार्थ्यांना देश सोडावा लागला आणि १९०९ मध्ये फान बोइ चाऊ यांनाही जावे लागले. यजमान राष्ट्राचे प्रेम त्याच्या परराष्ट्रनीतीपुढे किती टिकते, याचा धडा त्या पिढीस मिळाला.

आता दुसरी बाजू पाहावी. समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे की नाही, हा वाद त्या काळच्या उच्चवर्णीय घरांत होता. आमच्या तरुणास समुद्राची बंदी कधीच नव्हती. त्याला बंदी होती ती शाळेच्या उंबरठ्याची. ज्या १९०७ साली टोकियोत वरील समारंभ झाला, त्याच साली मुंबईत भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्या हाती आपण लिहिलेले बुद्धचरित्र दिले. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव, तेथील अस्पृश्य मुलाने तेव्हा परदेशी विद्यापीठाचे स्वप्न पाहणेही अशक्य होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले आणि ती अशक्यता पहिल्यांदा मोडली. पुढे १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉयांना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारकडे पैशाची मागणी केली. एकट्याने मोडलेली वाट सर्वांसाठी रुंद करावयाची, ही त्यांची रीत होती. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून अनुसूचित जातींसाठी परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू झाली.

ग्रंथांचा मार्ग

रत्नागिरी जिल्ह्याचा जपानशी एक संबंध विद्यार्थ्यावाचूनच जुळला. मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या स्त्री विद्यापीठाची एक पुस्तिका आली. त्या वाचनातून १९१६ साली भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावे हे तत्त्व त्याने स्वीकारले. एक छोटी पुस्तिका एवढे करू शकते, तर त्रिपिटकाच्या शेकडो खंडांत काय दडले असेल?

गोमंतकातील धर्मानंद कोसंबी यांनी पालीसाठी सिंहल गाठले आणि पुढे हार्वर्ड येथे विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले. त्यांचे शिष्य पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्या ध्यानात आले की केवळ पालीने भागणार नाही. विसुद्धिमग्गाहून जुना असा विमुत्तिमग्ग चिनी भाषांतरात उरला होता. बापटांनी दोहोंची तुलना करून १९३७ मध्ये पुण्याहून ग्रंथ प्रसिद्ध केला. या कामास लागणारे चिनी त्रिपिटक ताकाकुसु जुन्जिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ ते १९३४ या काळात टोकियोत छापले होते. पुढे समंतपासादिकेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर बापट यांनी जपानी पंडित हिराकावा आकिरा यांच्या सहकार्याने केले आणि ते १९७० मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढले. एका बाजूस पालीचा मराठी पंडित, दुसऱ्या बाजूस चिनी विनयाचा जपानी पंडित, आणि दोघे मिळून एक ग्रंथ वाचतात. समान पातळीवरील विद्यासंबंध कसा असतो, याचे हे उदाहरण आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे एकोणतीस लेणी आहेत. म. न. देशपांडे यांनी त्यांवर लिहिलेला ग्रंथ १९८६ मध्ये पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केला. तेथे अक्षोभ्याच्या मूर्ती आहेत आणि महाचंडरोषणाची मूर्तीही ओळखण्यात आली आहे. चंडरोषण हे अचल या देवतेचेच दुसरे नाव होय. कोकणात त्याचे नाव कोणाच्या ओठी उरले नाही, पण जपानमध्ये तोच अचल फुदो या नावाने गावोगावच्या विहारांत उभा आहे. हातात खड्ग आणि पाश, मागे ज्वाळा, असे त्याचे रूप तेथील लहान मूलही ओळखते. मंत्रयानातील या देवतांची पूजा करावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बाबासाहेबांनी दिलेला बुद्धिनिष्ठ धम्म आम्हांस पुरेसा आहे. परंतु आपल्या जिल्ह्यातील दगड काय सांगतो, हे समजून घेणे म्हणजे आपला इतिहास परत मिळविणे होय, आणि त्या दगडाचा अर्थ लावण्याची साधने जपानी ग्रंथालयांत आहेत.

विद्यार्थ्याचे तेथील जीवन

जपान सरकारची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती १९५४ पासून आहे. भारत व जपान यांचा सांस्कृतिक करार १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षीच, झाला. १९८३ मध्ये जपानने एक लाख परदेशी विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ठेवले आणि ते २००३ मध्ये पुरे झाले. २००८ मध्ये तीन लाखांचे उद्दिष्ट ठरले आणि २०१९ मध्ये तेही ओलांडले गेले. यांत चिनी, व्हिएतनामी आणि नेपाळी विद्यार्थी पुष्कळ आहेत. भारतीय मात्र फारच थोडे आहेत.

संशोधनासाठी जाणारा पदवीधर बहुधा प्रथम संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल होतो. काही महिने भाषा शिकावी लागते, नंतर प्रवेशपरीक्षा देऊन पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळतो. बौद्ध विद्येच्या विद्यार्थ्याची वाट अधिक कठीण असते. पाली व संस्कृत येत असले तरी पुरत नाही. आधुनिक जपानी हवी, कारण तेथील संशोधन बहुतांशी जपानीतच प्रसिद्ध होते. त्याशिवाय अभिजात चिनी मजकूर जपानी क्रमाने वाचण्याची पद्धतही आत्मसात करावी लागते. चर्चावर्गात एखाद्या ग्रंथाच्या काही ओळी घेतात आणि त्यांवर संबंध दिवस घालवितात. पाठांतर आणि परीक्षा यांची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्यास ही मंद गती प्रारंभी असह्य होते. एका शब्दाच्या चार भाषांतील रूपांची खातरजमा केल्यावाचून पुढे जावयाचे नाही, हीच तेथील शिस्त असते.

अध्यापक आणि शिष्य यांचे नातेही निराळे असते. ज्येष्ठ आणि कनिष्ठ विद्यार्थ्यांची उतरंड असते. मतभेद उघड बोलून दाखविण्याची रीत कमी, आणि 'होय' या शब्दाचा अर्थ 'ऐकले' एवढाच असू शकतो. ज्याने चळवळीच्या सभांतून स्पष्ट बोलण्याचे वळण घेतले आहे, त्यास या मौनाचा अर्थ लावण्यास वेळ लागतो. घर भाड्याने घ्यावयाचे तर जामीनदार मागतात आणि परदेशी माणसास घर नाकारणारे मालकही भेटतात. घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्या समाजास नवा नाही. बडोद्यात बाबासाहेबांना पारशी वसतिगृहातून ज्या रीतीने बाहेर काढले गेले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून आमचा विद्यार्थी अशा नकाराने खचून जाऊ नये. त्याची नोंद मात्र त्याने ठेवावी.

आहाराच्या बाबतीत कोकणच्या मुलास थोडी सवलत आहे. जयगडच्या खाडीकाठी वाढलेल्यास भात आणि मासळी परकी नाहीत, सुकी मासळीही नाही. तिखट आणि कोकमाची उणीव भासते खरी. शाकाहार पाळणाऱ्याची अडचण अधिक, कारण साध्या भाजीच्या रश्शातही मासळीचा अर्क असतो. उत्तरेकडील हिम आणि एकटेपण यांची तयारी मात्र मनाने आधीच केली पाहिजे.

जपानमधील अस्पृश्यता

सर्वांत मोठा धक्का याहून निराळा असतो. बौद्ध देशात गेलो, आता जातीचा प्रश्न मागे राहिला, अशा समजुतीने जाणाऱ्यास तेथे बुराकू समाज भेटतो. मृत जनावरे ओढणे, कातडी कमाविणे, अपराध्यांना देहदंड देणे ही कामे ज्यांच्यावर लादली गेली होती, त्यांचे हे वंशज होत. १८७१ च्या राजाज्ञेने त्यांचा हीन दर्जा कायद्याने रद्द केला. परंतु १८७२ च्या कुलनोंदवहीत कित्येक ठिकाणी त्यांच्या नावापुढे वेगळी खूण राहिली. भारतात आडनावावरून जात हुडकतात, तर तेथे राहण्याच्या वस्तीवरून हुडकतात. अशा वस्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्या विकत घेत असल्याचे १९७५ मध्ये उघडकीस आले.

आणि बौद्ध विहार? सतराव्या शतकापासून प्रत्येक जपानी कुटुंब एखाद्या विहाराशी बांधले गेले होते. मृतास धर्मनाम देण्याचा अधिकार विहाराचा. बुराकू मृतांच्या नावांत पशू, दास अशा अर्थाची अक्षरे घातली गेली आणि ती थडग्यांवर कोरली गेली. मरणानंतरही अस्पृश्यता संपू नये, याची तजवीज बुद्धाच्या नावाने झाली. १९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे भरलेल्या विश्वधर्म व शांतता परिषदेत जपानी बौद्ध महासंघाचे अध्यक्ष आणि सोतो पंथाचे प्रमुख अधिकारी माचिदा यांनी जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. बुराकू संघटनांनी त्यास जोरदार हरकत घेतली. १९८४ मध्ये नैरोबीच्या परिषदेत माचिदा यांनी जाहीर क्षमा मागितली आणि सोतो पंथाने आपल्या विहारांतील अशा नावांचा शोध घेऊन ती बदलण्याचे काम हाती घेतले.

हा लढा कोणाच्या कृपेने उभा राहिला नाही. १९२२ च्या ३ मार्च रोजी क्योतो येथे सुइहेइशा, म्हणजे समतल समाज, ही संघटना बुराकू तरुणांनीच स्थापन केली. आपला महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये झाला. एकाच दशकात दोन देशांतील दडपलेली माणसे आपापल्या बळावर उभी राहिली. पुढे २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने वंशपरंपरागत भेदभावाविषयी सर्वसाधारण शिफारस केली, आणि तीत जातिव्यवस्थेचाही अंतर्भाव आहे. जपानमध्ये २०१६ साली बुराकू भेदभावाच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा झाला.

समारोप

या इतिहासातून आमच्या तरुणाने काय घ्यावे? आम्हांस असे वाटते की दोन चुका त्याने टाळाव्यात. पहिली, बुद्ध आमच्या देशाचा म्हणून आम्ही जन्मतःच गुरू, असा ताठा. ज्या देशाने आमचे हरवलेले ग्रंथ जपले, छापले आणि त्यांच्या सूची केल्या, तेथे शिष्य म्हणून बसण्यात कमीपणा नाही. दुसरी चूक म्हणजे समृद्ध बौद्ध देशात जे चालते तेच शुद्ध धम्म, असे मानणारा भोळेपणा. परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, असे सांगणाऱ्याचे आपण अनुयायी आहोत. विहारातील नोंदवहीत मृताचा अपमान कोरला गेला असेल, तर ते स्पष्ट म्हणण्याचा आपला अधिकार आहे, कारण तसा अपमान काय असतो हे आपल्याइतके कोणास ठाऊक?

जयगडच्या बंदरात २००९ पासून मोठी मालवाहू जहाजे लागतात. उतारूंच्या जुन्या आगबोटी केव्हाच बंद पडल्या. रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतील बौद्ध मुलगा वा मुलगी उद्या क्योतोच्या ग्रंथालयात बसून पन्हाळेकाजीच्या मूर्तीचा अर्थ लावील, आणि सुटीच्या दिवशी सुइहेइशाच्या वारसांच्या वस्तीत जाऊन त्यांचे ऐकून घेईल, तेव्हा आंबडव्याच्या मुलाने १९१३ मध्ये मोडलेली वाट खऱ्या अर्थाने पुढे गेली असे आम्ही म्हणू. त्यासाठी भाषेची तयारी येथूनच सुरू झाली पाहिजे. पालीचा वर्ग चालविणाऱ्या आपल्या प्रत्येक विहाराने त्यासोबत जपानी अक्षरओळखीचा एक तास ठेवावा, एवढी आमची सूचना आहे.